बाविसावी कॅसेट

सायगॉनच्या दक्षिणेकडच्या सा डेक गावात, बाजारामागे, खिएमचं भाड्याच्या व्हिडिओ कॅसेटचं दुकान होतं. तिथे येणारं गिऱ्हाईक दोनच प्रश्न विचारी. पहिला, "पाहण्याजोगी आहे का?" आणि दुसरा, "कितव्या कॅसेटला 'एम' म्हणतो?"

पहिला प्रश्न कुठल्याही गावात विचारतील. दुसरा इथलाच. मालिका येत हाँगकाँगहून, क्वचित तैवानहून. त्या लोकांचं 'मी' आणि 'तू' एवढ्यावर भागतं. इथे भागत नाही. समोरचा माणूस काका, की ताई, की धाकटा भाऊ, हे ठरवल्याशिवाय इथे वाक्यच सुरू होत नाही. 'एम' म्हणजे धाकटी. धाकट्या बहिणीला एम म्हणतात, हाताखालच्या पोरीला एम म्हणतात आणि बायकोलाही एमच म्हणतात. जिला आजवर ताई म्हणत आला, तिला एखाद्या दिवशी पुरुष एम म्हणाला, की समजायचं ते सगळे समजतात. मालिकेला आपल्या भाषेतला आवाज देणारी सायगॉनची मंडळी हा क्षण स्वतःच्या अकलेने ठरवत. मुळात तसं काही नसेच. तिसऱ्या कॅसेटला एम म्हणून टाकलं तर मालिका उथळ. सतराव्या-अठराव्यापर्यंत धीर धरला तर तिच्यात काहीतरी दम आहे, असं बायका धरून चालत.

खिएमचा दुकानाचा कारभार नेटका होता. दोनशे चाळीस सेट, प्रत्येक सेटच्या पहिल्या कॅसेटला रबर लावून एक कार्ड. कार्डावर चार ओळी: कॅसेटी किती, रडारड किती, एम कितव्याला आणि शेवटी शेरा. शेरे तीनच. 'पाहण्याजोगी', 'वेळ जाईल' आणि 'नको'. शेवटच्या कॅसेटपर्यंत स्वतः पाहिल्याशिवाय तो शेरा लिहीत नसे. एक्क्याण्णव साली दुकान उघडल्यापासून हा नेम त्याने मोडला नव्हता. शहाण्णव उजाडेपर्यंत नदीपलीकडच्या वाड्यांतून माणसं होडी करून त्याच्याकडे येऊ लागली. त्याच कॅसेटी त्यांना जवळच्या दुकानात मिळत होत्या. पण तिथला दुकानदार प्रत्येक सेटला 'एकदम झकास' म्हणे.

शेजारी सातवी मावशी हू तिऊचा, म्हणजे रश्शातल्या शेवयांचा, गाडा लावी. घरातल्या भावंडांत सातवी, म्हणून सातवी. इथे नाव प्रत्येकाला असतं, पण हाक क्रमांकाने मारतात. शेवया उकळत्या पाण्यात बुडवता बुडवता ती खिएमची टिंगल करी.

"स्वतःच्या मालाला 'नको' म्हणणारा दुकानदार मी जन्मात बघितला नाही. उद्या मीही सांगू का, आजचा रस्सा नको म्हणून?"

"ज्या दिवशी बिघडला असेल त्या दिवशी सांगा, मावशी."

"त्या दिवशी मी मिरची वाढवते, बाबा."

खिएम तेव्हा छप्पन्न वर्षांचा होता. बायकोला जाऊन नऊ वर्षं झाली होती. मुलगी सायगॉनला सासरी, तीच महिन्यातून एकदा नव्या सेटची पेटी बसमध्ये घालून पाठवी. अंगाने किरकोळ, बोलणं तोलून मापून. गल्लीत कोणी त्याच्याबद्दल बोलायचं कारण त्याने कधी दिलं नव्हतं.

लुआचं शिवणाचं दुकान पुढच्याच कोपऱ्यावर. लुआ म्हणजे रेशीम. चव्वेचाळीस वर्षांची, सहा वर्षांपूर्वी विधवा झालेली, नवऱ्याच्या आईला सांभाळून असलेली बाई. त्या सासूला सगळी गल्ली चौथी आजी म्हणे. दोन शिवणयंत्रांच्या मधे लुआने टीव्ही ठेवला होता. माप द्यायला आलेल्या बायका तिथेच बैठक मारत आणि बटणं लावता लावता, शेंगा सोलता सोलता मालिका बघत. त्यामुळे लुआकडे गेलेला सेट एकट्या लुआकडे जात नसे, गल्लीकडे जाई.

कॅसेटी परत करायला ती स्वतः येई आणि काउंटरवर कोपर टेकून दोन शब्द बोले.

"खिएमदादा, त्या सेनापतीच्या अंगरख्याला आधी सात गाठी होत्या, पुढच्या प्रसंगात पाच. लढाईत दोन गाठीही मेल्या वाटतं."

"मी मोजल्या नाहीत, लुआताई."

"मग काय बघता तुम्ही? चेहरे?"

तेव्हापासून तो गाठी मोजू लागला. नवा सेट बघताना मनातल्या मनात तिला ऐकवू लागला: हे बघा लुआताई, बाहीला सुरकुती कशी पडलीय, ही राणी म्हणे, आणि शिवण उसवलेली. वर्षभरात अशी वेळ आली, की एखादी मालिका चांगली की वाईट हे ती मालिका लुआला कशी वाटेल यावर ठरू लागलं. हे आपल्याला काय झालंय ते त्याला कळलं, आणि कळल्यावर तो आधी घाबरला. ती बारा वर्षांनी लहान, विधवा, सासू घरात, दुकान भर बाजारात. तो तिला ताई म्हणत होता आणि ताईच म्हणत राहिला. दुसरं काही म्हणायची त्याची छाती नव्हती.

त्या वर्षीच्या चैत्रात 'निळ्या रांजणांचं घर' नावाचा तीस कॅसेटींचा सेट आला. कापड रंगवायचा कारखाना चालवणारी एक विधवा आणि तिच्या नवऱ्याच्या वेळचा केस पिकलेला कारकून, अशी गोष्ट. मालिका टाकाऊ होती. एक हरवलेला शिक्का शोधण्यात सात कॅसेटी गेल्या, आणि तो म्हाताऱ्या नोकराच्या कमरेला आहे हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. वर कॅसेटींची प्रत इतकी वाईट, की नटीच्या ओठांचा लाल रंग हनुवटीपर्यंत ओघळलेला दिसे आणि निळं कापड जांभळं. खिएमने तिसावी कॅसेट संपवून कार्डावर 'नको' लिहिलं. त्याच आठवड्यात सातव्या मावशीने तो सेट मागितला, तेव्हा तिलाही तेच सांगितलं.

"नको, मावशी. डोळे आणि वेळ दोन्ही फुकट."

फक्त बाविसाव्या कॅसेटमध्ये एक प्रसंग होता. अंगणात वाळलेलं लांब कापड ती दोघं घडी घालायला घेतात. एक टोक तिच्या हातात, एक त्याच्या. प्रत्येक घडीला दोघं एकेक पाऊल जवळ येतात. शेवटच्या घडीला हाताला हात लागतो, आणि कारकून म्हणतो, "थकलीस का, एम?" इतकंच. खिएमने ते चार वेळा मागे नेऊन पाहिलं. त्याच्या मनात आलं, हे लुआने बघितलं तर मला तोंड उघडावंच लागणार नाही. समजली तर समजली. नाही समजली, तर काही बिघडलंही नाही.

पण टाकाऊ सेट तिला द्यायचा कसा? म्हणून तो विचार त्याने फळीवर ठेवून दिला.

मे महिन्यात एका सकाळी लुआ आली. तिच्या हातात परत करायला काही नव्हतं.

"खिएमदादा, आज आईंसाठी आलेय. सायगॉनच्या डॉक्टरांना दाखवून आणलं. काचबिंदू. कडेचं सगळं गेलंय, मधलं तेवढं उरलंय. त्या म्हणतात, बांबूच्या नळीतून बघितल्यासारखं दिसतं, आणि नळी दर आठवड्याला बारीक होतेय."

"औषध?"

"थेंब दिलेत. पण डॉक्टर म्हणाले, दोन महिने धरून चाला." तिने काउंटरवर कोपर टेकलं. "काल मला म्हणाल्या, लुआ, अंधार पडायच्या आत एक चांगली मालिका बघून घेते. खिएमला विचार. तो खोटं सांगत नाही."

खिएमला भरून आलं. तो फळीकडे वळला. कोणता सेट द्यायचा यात त्याला शंका नव्हती. 'घाटावरची खानावळ', अठरा कॅसेटी, तीन बहिणींची गोष्ट. त्याच्या दुकानात त्याहून चांगलं काही नव्हतं. त्याने हात घातलाही.

"दिवसाला एकच कॅसेट बघू देणार आहे मी त्यांना," मागून लुआ म्हणाली. "त्याच्यापुढे डोळे दुखतात. मी शेजारी बसते. बाकीच्या बायकाही येतीलच."

मी शेजारी बसते. खिएमचा हात फळीवर थांबला आणि एक खण खाली उतरला.

माणूस वाईट करायला निघतो तेव्हा आधी आकडेमोड करून बघतो. अठरा अधिक तीस, अठ्ठेचाळीस. दोन महिने म्हणजे साठ. दोन्ही सेट बसतात, वर बारा दिवस उरतात. आधी हा, मग तो. आजीचं नुकसान कुठेच नाही. काउंटरखाली वाकून त्याने 'निळ्या रांजणांचं घर'चं कार्ड काढून खिशात घातलं आणि नव्या कार्डावर चार ओळी लिहिल्या. शेवटची ओळ: 'पाहण्याजोगी'. अक्षर नेहमीसारखंच आलं. याचं त्याला पुढे फार दिवस नवल वाटत राहिलं.

"ही घ्या. आणि बाविसावी कॅसेट जरा लक्ष देऊन बघा, लुआताई."

"का? काय आहे बाविसावीत?"

"बघा तर."

पाच दिवसांनी ती पहिल्या पाच घेऊन आली.

"आई म्हणतात, सुरुवात संथ आहे."

"संथच आहे."

"पुढे उचलते ना?"

"उचलते."

दहाव्या दिवशी ती आली, तेव्हा कपाळाला आठी होती. "खिएमदादा, रागावू नका. ही तुम्ही शेवटपर्यंत पाहिलीत ना?"

"पाहिली."

"मग झालं," ती म्हणाली, आणि आठी गेली.

ते 'मग झालं' त्याला दिवसभर खुपत राहिलं. तिच्या मनात शंका आली होती, पण त्याच्या एका शब्दासाठी तिने ती झटकून टाकली. पंधराव्या दिवशी ती म्हणाली, की आजी आता टीव्हीपासून हातभर अंतरावर बसतात, आणि तरी मान हलवून हलवून चित्र शोधावं लागतं. त्या दिवशी खिएमने 'घाटावरची खानावळ' काढून काउंटरवर ठेवली होती. तोंडाशी शब्दही आले होते: हे राहू द्या, हे घेऊन जा. पण बाविसावीला सातच कॅसेटी उरल्या होत्या. सातच दिवस. त्याने पुढच्या कॅसेटी मोजून पिशवीत भरल्या आणि 'घाटावरची खानावळ' परत फळीवर ठेवली.

तेविसाव्या दिवशी सकाळी त्याने इस्त्रीचा शर्ट घातला. लुआ आली नाही. सातवी मावशी आली, हातात डाव तसाच. दुकानात तीन-चार गिऱ्हाइकं होती.

"बाविसावी बघितली हो आम्ही, खिएमभाऊ!"

खिएमने कार्डं सारखी करायला घेतली.

"पाच जणी होतो काल लुआकडे. घडी घालतात, घडी घालतात, आणि तो थेरडा कवळी सावरत म्हणतो, एम! हसून हसून पोट दुखलं. मग एकीने विचारलं, हा सेट निवडला तरी कोणी? लुआ म्हणाली, खिएमदादांनी. बाविसावी लक्ष देऊन बघा, असंही म्हणालेत." मावशीने डाव काउंटरवर ठेवला. "मग कोणी हसलं नाही, बाबा. लुआच्या हातात सुई होती, ती बोटात गेली."

"मावशी, जरा हळू."

"हळू काय? गल्लीभर झालंय. आणि त्याचं मला काही नाही. एकटा माणूस, मनात येतं, तो काही गुन्हा नाही. सरळ येऊन बोलला असतास तर मीच मध्यस्थी केली असती, वर जेवण मागितलं असतं. पण मला एक सांग. हाच सेट मी मागितला, तेव्हा काय म्हणाला होतास?"

खिएमने हातातली कार्डं खाली ठेवली.

"डोळे आणि वेळ दोन्ही फुकट, म्हणालास. मी विसरले नाही. माझे डोळे धडधाकट, तर मला नको. आणि जिचे डोळे चाललेत, तिला पाहण्याजोगी?"

नदीपलीकडून आलेल्या एका माणसाने हातातला सेट हळूच फळीवर ठेवला, पायरीवरच्या चपला घातल्या आणि निघून गेला.

म्हातारपणी मन घसरलं म्हणून गल्ली हसते, हे खिएमने सोसलं असतं. त्याची तयारी तो बावीस दिवस करतच होता. पण मावशीच्या दुसऱ्या प्रश्नाची तयारी त्याने केली नव्हती. कारण तो प्रश्न त्याने स्वतःला विचारलाच नव्हता.

दुपारी लुआच्या खांद्यावर हात ठेवून चौथी आजी आली. लुआच्या हातात पिशवी होती. आजी स्टुलावर बसली आणि मान इकडे तिकडे फिरवू लागली.

"खिएम, कुठे आहेस? समोर ये. नळीत ये."

तो समोर येऊन उभा राहिला. आजीची नजर त्याच्या शर्टावरून चढत चेहऱ्यावर येऊन थांबली.

"हां, सापडलास. आता सांग. मालिका वाईट आहे का?"

"हो, आजी."

"नक्की?"

"नक्की. आधी मी 'नको' लिहिलं होतं. तुमच्यासाठी कार्ड बदललं."

आजीने मोठा श्वास सोडला. खिएमला वाटलं, आता शिव्या येतील. पण तिच्या चेहऱ्यावर सुटकेसारखं काहीतरी आलं.

"पहिल्या दिवसापासून त्या बाईच्या ओठांचा रंग मला हनुवटीवर दिसतोय. निळ्याचं जांभळं दिसतंय. गोष्टीला ना शेंडा ना बुडखा. पण तू चांगली म्हणालास. म्हटलं, खिएम म्हणतो म्हणजे चांगलीच असणार. माझेच डोळे पार गेले, आणि डोळ्यांमागोमाग अक्कलही चालली. बावीस दिवस मी लुआला 'छान आहे, छान आहे' म्हणत बसले. तिला कळू नये म्हणून."

लुआने चमकून सासूकडे पाहिलं. हे तिलाही नवीन होतं.

"मला वाटलं..." खिएम म्हणाला. "अजून दिवस आहेत. हा झाला की लगेच चांगला देणार होतो. अठरा कॅसेटींचाच आहे. दोन्ही बसत होते."

"बसत होते?" आजी म्हणाली. "म्हणजे माझे दिवस तू मोजलेस?"

आवाज चढला नव्हता. सहज विचारल्यासारखं तिने विचारलं. खिएमने मान खाली घातली. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात. त्याला तेही नको होतं. त्याला फक्त आजीच्या नळीतून बाजूला व्हायचं होतं, आणि बाजूला होण्याचीही हिंमत होत नव्हती.

लुआने पिशवी काउंटरवर ठेवली.

"मालक," ती म्हणाली, "या बघून झालेल्या. उरलेल्या आठ नकोत आम्हाला."

मालक. पाच वर्षांत तिने त्याला कधी असं म्हटलं नव्हतं. परगावच्या अनोळखी दुकानदाराला म्हणतात तसं.

"लुआताई, मी..."

ती रस्त्याकडे बघत होती.

"नंतर भांडा," आजी म्हणाली. "मला वेळ नाही. खिएम, आता खरी दे."

त्याने 'घाटावरची खानावळ' आणून आजीच्या मांडीवर ठेवली. अठराच्या अठरा. आजीने कार्ड डोळ्यांशी नेलं, पण अक्षर काही तिला लागलं नाही.

"हिच्यात एम कितव्याला?"

"कुठेच नाही, आजी."

"बरं झालं," आजी म्हणाली, आणि उठली.

पुढचे दिवस आजीचं सगळं खिएमला सातव्या मावशीकडून कळत राहिलं. त्याने विचारायची गरज नव्हती. ती गाड्यावरून गिऱ्हाइकांना सांगे आणि त्याच्या कानावर पडे. आजीला मालिका आवडली आहे. आजी मधल्या बहिणीला शिव्या घालते. आजीला आता एका वेळी एकच चेहरा दिसतो, दोघं बोलत असली तर मान इकडून तिकडे करावी लागते. मग बाराव्या दिवशी मावशी कोणाला तरी म्हणाली, "काल संपलं. अकरावीच्या अगदी शेवटाला. म्हणाल्या, लुआ, दिवा का मालवलास? दिवा चालूच होता."

बाविसातल्या सात जरी वाचल्या असत्या तरी आजीने अठराही डोळ्यांनी बघितल्या असत्या. ही बेरीज-वजाबाकी करायला खिएमला कागद लागला नाही, आणि त्या दिवसानंतर ती त्याच्या डोक्यातून गेलीही नाही. दुकानात कोणी "पाहण्याजोगी आहे का?" म्हणून विचारलं, की तो कार्ड पुढे करी. तोंडाने तो शब्द त्याच्याच्याने उच्चारवेना. लोक म्हणू लागले, खिएमला शिष्टपणा आलाय.

उरलेल्या सात कॅसेटी आजीने कानांनी ऐकल्या. पडद्यावर काय दिसतं ते लुआ शिवता शिवता सांगे. त्या संपल्या, त्याच्या दुसऱ्या दिवशी दोघी पुन्हा दुकानात आल्या. आजी आता सरळ समोर बघत चालत होती, हात लुआच्या खांद्यावर.

"खिएम, एक विचारायला आले. शेवटी सगळे होडीतून निघून जातात, आणि थोरली बहीण एकटी दारात उभी राहते. बरोबर?"

"बरोबर, आजी."

"त्या वेळी ती बोलत नाही. नुसतं पाणी ऐकू येतं. लुआ म्हणते, ती हसली. तू पाहिलंयस. हसली का?"

खिएमने मान वर केली. आजीच्या मागे लुआ उभी होती. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच ती सरळ त्याच्याकडे बघत होती. तिने हळूच मान डोलावली. हो म्हणा. मग पुन्हा एकदा. डोळ्यांत राग नव्हता, विनवणी होती. गेल्या अठरा-वीस दिवसांत तिने त्याच्याकडे काही मागितलं असेल तर हे एवढंच. एक शब्द. तो बोलला तर कदाचित पुन्हा खिएमदादा ऐकायला मिळेल, हेही त्याच्या मनात येऊन गेलं. आणि मनात ते आलं, याचीच त्याला किळस वाटली.

"चेहरा दाखवतच नाहीत, आजी," तो म्हणाला. "शेवटपर्यंत पाठमोरीच असते."

लुआने डोळे मिटून घेतले.

आजीने त्याच्या आवाजाकडे कान वळवला. "पाठ कशी आहे? वाकलेली?"

"नाही. ताठ. एक हात दाराच्या चौकटीवर. दार उघडंच ठेवते."

"उघडंच," आजी म्हणाली. "मग हसली नसणार. हसणारी बाई दार लावून घेते, आणि आत जाऊन चहा टाकते." मग खांद्यावरचा हात तिने जरा दाबला. "लुआ, तू मला गोड बोलून फसवत होतीस होय?"

"आई, मला वाटलं, तुम्हाला बरं वाटेल."

"तुम्हा सगळ्यांना माझ्यासाठी काहीतरी वाटतं," आजी म्हणाली. "घरी चल."

लुआचा चेहरा लाल झाला होता. आपल्यामुळे आज तिलाही खाली बघावं लागलं, हे खिएमने पाहिलं. आपण खरं बोललो याचा आनंद त्याला धरून ठेवता आला नाही. दारापाशी ती क्षणभर थांबली.

"सेट संध्याकाळी पाठवून देते, मालक."

"सावकाश पाठवा, ताई," तो म्हणाला. तिचं नाव घ्यायचं त्याने टाळलं.

बाहेर ऊन होतं. पायऱ्या किती आहेत ते लुआ सासूला मोजून सांगत होती, एक, दोन, तीन, आता सपाट. काउंटरवरच्या कार्डांवर हात ठेवून, मान खाली घालून खिएम ते ऐकत उभा राहिला.